डोह, डोंगा आणि घरांतलें भय

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं आमच्या वाचकांच्या घरोघरीं एक प्रश्न निघतो: मुलांना घेऊन कोठें जावें? थंड हवेच्या ठिकाणांचा खर्च झेपत नाहीं, तीर्थक्षेत्रीं गर्दी मावत नाहीं, आणि मुलांची मागणी तर एकच असते, ती पाण्याची. गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही घरांतील लहानथोर मिळून अकरा माणसें गोंदिया जिल्ह्यांतील इटियाडोह येथें जाऊन आलों. तेथील रान, तेथील पाणी आणि तेथील डोंगा यांची हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच प्रथम आमचा हेतु होता. परंतु त्या दोन दिवसांत आमच्या घराण्यांतील सत्तर वर्षांच्या एका नियमाचा निकाल लागला. तो नियम आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या ना त्या रूपानें चालत असेल, अशी आम्हांस शंका आहे. म्हणून प्रवासाच्या हकीकतींत ती घरगुती गोष्टहि येथें येत आहे.

तो नियम असा कीं, आमच्या घरांतील मुलानें पाण्यांत उतरावयाचें नाहीं. नदीवर गेल्यास तांब्यानें अंगावर पाणी घ्यावें. विहिरीच्या कठड्यास हात लावूं नये. तलावाच्या कांठीं मोठ्या माणसाचा हात सोडूं नये. हा नियम आमच्या आजोबांनीं घातला. त्याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें, पण त्याचा उच्चार कोणी करीत नसे. आमच्या वडिलांच्या जन्मापूर्वीं आमचे एक काका वयाच्या नवव्या वर्षीं वैनगंगेच्या डोहांत बुडाले. त्यांचें छायाचित्र नाहीं. त्यांचें नांव पुढें कोणा मुलास ठेविलें गेलें नाहीं. आमच्या वडिलांस पोहतां येत नव्हतें, आम्हां भावंडांस येत नाहीं, आणि आमच्या मुलांसहि परवांपरवांपर्यंत येत नव्हतें. तीन पिढ्या आम्ही पाण्यापासून दूर राहिलों, आणि या दूर राहण्यासच सुरक्षितपणा समजलों.

नागपुराहून पहांटे निघून भंडारा आणि साकोली मागें टाकिलीं कीं देशाचें रूप पालटतें. कापसाचीं काळीं रानें संपून भाताच्या बांध्या लागतात, आणि दोहों बाजूंस पळस व मोह दिसूं लागतात. पळसानें नुकतीच पानें टाकून फुलें धारण केलीं होतीं. मोह गळावयास लागला होता, आणि गांवांतील बायकामुलें भल्या सकाळीं टोपल्या घेऊन झाडाखालीं वेंचीत बसलीं होतीं. या मुलुखास झाडीपट्टी म्हणतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून निराळा झाला. तरी तलावांचा जिल्हा हें जुनें बिरुद दोघांसहि सारखेंच शोभतें. भाताला पाणी पुष्कळ लागतें आणि पाऊस पडतो चार महिने. ही अडचण ओळखून येथील कोहळी समाजाच्या लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं जागोजाग मातीचे बांध घालून तलाव निर्माण केले. वाटेवरील नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें परंपरा सांगते. तेथें १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ च्या डिसेंबरांत त्याचा समावेश नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पांत झाला. वनाधिकारी म्हणून तेथें राहिलेले श्री. मारुती चितमपल्ली यांचें 'नवेगावबांधचे दिवस' हें पुस्तक आमच्या घरीं दादांनीं मोठ्यानें वाचून दाखविलेलें आहे. चितमपल्लींचें निधन २०२५ च्या जून महिन्यांत झालें. तलावाच्या कांठीं गाडी थांबवून दादांनीं त्या पुस्तकाची आठवण काढली, आणि आमच्या आत्याबाईंनीं आपल्या लहानपणीं गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीची.

आत्याबाईंस यंदा चौऱ्याऐंशीवें वर्ष चालूं आहे. त्यांनीं या प्रवासास यावें असा आग्रह कोणी केला नव्हता. उलट, पाण्याचें ठिकाण म्हणून त्यांच्यापाशीं बेत बोलण्यासहि सर्व कचरत होते. पण निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं आपली लहान पेटी स्वतः भरून दाराशीं आणून ठेविली. आम्हीं कारण विचारलें नाहीं.

इटियाडोहाचें धरण अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवाजवळ, गाढवी नदीवर आहे. नदीचें नांव ऐकून आमच्या घरांतील बाळगोपाळांस हंसूं आवरेना. परंतु हीच गाढवी पुढें वैनगंगेस मिळते हें दादांनीं सांगितलें, तेव्हां वहिनींनीं डोळ्यांनीं खूण करून त्यांस गप्प केलें. धरण १९७० सालीं पूर्ण झालें. तें मातीचें असून सुमारें ३० मीटर उंच आणि अर्धा किलोमीटर लांब आहे. दोन टेकड्यांच्या मध्यें बांध घालून पाणी अडवावयाचें, ही कोहळ्यांचीच जुनी युक्ति येथें मोठ्या प्रमाणावर योजिली आहे. या पाण्यावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील भात पिकतो. बांधावर उभें राहिलें असतां समोर निळें पाणी, त्याच्या भोंवतीं सागाच्या व बांबूच्या रानानें झांकलेल्या टेकड्या, आणि मधून मधून पाण्यांतून वर आलेले निष्पर्ण वृक्ष दिसतात. ज्यास एकांत हवा असेल त्यानें येथें अवश्य यावें.

स्थळाच्या नांवांत डोह हा शब्द आहे, त्याचा थोडा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर करावा. आपल्याकडील नद्या पावसाळ्यांत दुथडी वाहतात आणि चैत्रवैशाखांत वाळूची रेघ होऊन पडतात. अशा नदींत जेथें कठीण खडक आडवा येतो किंवा पात्र एकाएकीं वळतें, तेथें पुराचें पाणी भोंवरा करून तळ खोल खोल कोरीत जातें. पूर ओसरला, धार आटली, तरी त्या खळग्यांतील पाणी राहतें. कारण वाळूच्या खालून आणि खडकाच्या भेगांतून झरे त्यास पोंचत असतात. तोच डोह. पूर्व विदर्भांतील हा खडक सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाहून फार जुना आहे; पण सह्याद्रीच्या बाजूसहि डोह आहेतच, आणि कुकडी नदीच्या पात्रांत निघोज येथें तर भोंवऱ्यांनीं खडकांत रांजणासारखे खळगे कोरिले आहेत. उन्हाळ्यांत गुरांस पाणी, माणसांस स्नान आणि माशांस आसरा डोहामुळें मिळतो. महाडजवळ वाळण कोंडींतील मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. नदी आटली असतां मत्स्यकुळ जेथें तगून राहतें, ती जागा राखण्याची ही जुनी रीत होय. यमुनेच्या डोहांत कालिया राहिला आणि देहूस इंद्रायणीच्या डोहांत तुकोबांची गाथा बुडविली गेली; अशा रीतीनें आपल्या कथांत भय आणि आशा हीं दोन्ही डोहाशींच बांधलेलीं आहेत.

दुपारीं ऊन उतरल्यावर मुलांनीं डोंग्याचा हट्ट धरिला. एकाच खोडास आंतून कोरून केलेली अरुंद नाव, तिला इकडे डोंगा म्हणतात. ढीवर लोक त्यांत बसून जाळीं टाकतात. अशा खोडाच्या डोंग्यांची संख्या आतां कमी झाली आहे. फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या नावासहि लोक डोंगाच म्हणतात. गांवांतील एका वृद्ध ढीवरानें आम्हांस जलाशयाच्या कडेकडेनें फिरवून आणण्याचें कबूल केलें. मुलें धांवत पाण्याकडे निघालीं, तेव्हां त्यानें वल्हें जमिनींत रोंवून वाट अडविली आणि दादांस विचारलें,

"बाबूजी, तुमच्यात कोनाकोनाले पोहता येते?"

आमच्यांत दोन वकील आहेत, एक डॉक्टर आहेत, एक सूनबाई महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात, आणि थोरला पुतण्या स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षांत आहे. कोणींहि उत्तर दिलें नाहीं. म्हातारा वाट पाहत राहिला. शेवटीं दादा म्हणाले, "कोणालाच नाहीं."

"मंग डोंग्यात बसता कायले?"

त्याच्या बोलण्यांत उपहास नव्हता. त्यास खरोखरच आश्चर्य वाटलें होतें. तो घरीं जाऊन जाळ्यांस लावावयाचे रिकामे, घट्ट बुचांचे डबे घेऊन आला, आणि प्रत्येकाच्या पाठीस दोन दोन डबे त्यानें स्वतः दोरीनें बांधिले. एका खेपेस तीनच माणसें घेतलीं, आणि तळाशीं मांडी घालून बसविलीं. "उभा राहू नोका, आन् एकाच बाजूनं वाकू नोका," एवढींच दोन वाक्यें तो प्रत्येक खेपेस बोलला. अरुंद नावेंत माणूस उभा राहिला कीं सारा भार वर चढतो आणि नाव कलंडावयास निमित्त पुरतें. हें सूनबाईंनीं मुलांस नंतर समजावून दिलें. परंतु आधीं तें म्हाताऱ्यानें करवून घेतलें.

डोंगा निघाला तो आवाज न करितां. वल्ह्यावरून निथळणारे थेंब तेवढे ऐकूं येत. वठलेल्या झाडांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसले होते. कांठाच्या बांबूंतून वारा येई, तेव्हां पाण्यावर बारीक शहारा उठे आणि पुन्हां सारें स्वच्छ आरसा होई. आमच्या थोरल्या पुतण्यानें हात बुडवून पाहिला आणि येथें उडी मारावयास काय मजा येईल, असें म्हटलें. म्हाताऱ्यानें वल्हें सरळ खालीं घातलें. तें अर्ध्यावर जाऊन कशास तरी अडलें. तो म्हणाला, "वरून पानी सपाट दिसते. आत जुनं रान उभं आहे."

येथें आम्हांस डोह आणि जलाशय यांतील भेद प्रथम समजला. डोहाचा तळ गांवाच्या ओळखीचा असतो. खडक कोठें आहे, भोंवरा कोठें आहे, मुलांनीं कोठपर्यंत जावें, हें बापानें मुलास दाखविलेलें असतें. धरणाचा जलाशय ही निराळी वस्तु आहे. त्याच्या पोटांत बुडालेलीं झाडें, जुने बांध आणि नाल्यांचे खळगे असतात. कालव्यास पाणी सोडलें कीं कांठ मागें सरतो, आणि काल जेथें गुडघाभर पाणी होतें तेथें आज उघडा चिखल पडतो. त्या गाळांत पाय रुतला असतां तो काढतां काढतां माणूस आडवा होतो. शिवाय खोल आणि स्थिर पाणी उन्हानें वरच्या थरांत तापतें, पण खालीं गारच राहतें. वर कोमट लागलें म्हणून जो सूर मारितो, त्यास खालच्या गारव्यानें एकदम उसासा येतो, आणि तो उसासा पाण्याखालीं आला तर घात होतो. म्हणून निळें आणि शांत दिसणारें पाणी हें पोहावयास योग्य पाणी, असा समज कोणी करून घेऊं नये.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हाताऱ्याच्या सुनेनें आम्हांस रानाच्या कडेच्या एका ओढ्यावर नेलें. तेथें खडकाच्या बेचक्यांत झऱ्याचें पाणी सांठून लहानसा डोह झाला आहे. एका अंगास तो गुडघाभर, मध्यें छातीइतका आणि पलीकडे खडकाखालीं बराच खोल आहे. जागा लहान आणि गांवाच्या रोजच्या उपयोगाची असल्यामुळें तिचें नांव आम्ही देत नाहीं. पाणी इतकें निवळ होतें कीं तळाची वाळू झऱ्याच्या तोंडाशीं उकळल्यासारखी हलतांना दिसे. भूगर्भांतून येणारें पाणी वर्षभर जवळ जवळ एकाच उष्णतेचें असतें. म्हणून तें उन्हाळ्यांत गार आणि थंडींत ऊबदार लागतें. गांवच्या चारपांच मुली त्यांत डुंबत होत्या. त्यांपैकीं एक, फार तर नऊ वर्षांची, खडकावरून खोल बाजूस उडी घेई, तळाची वाळू मुठींत घेऊन वर येई, आणि ती मूठ उघडून आमच्या मुलांस दाखवी.

आमची धाकटी पुतणी तिच्याच वयाची. ती कांठावर उभी राहून तें पाहत होती. मग ती वळून आत्याबाईंकडे गेली आणि म्हणाली, "आत्याआजी, मी उतरूं?"

त्या प्रश्नानें आम्ही सर्व मोठीं माणसें स्तब्ध झालों. वहिनी पुढें झाल्या आणि मुलीचा हात धरून म्हणाल्या, "असें विचारूं नये हो."

"विचारूं दे तिला," आत्याबाई म्हणाल्या. त्या खडकावर बसल्या, आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें आमच्यापैकीं कोणींहि पूर्वीं ऐकिलें नव्हतें.

"तुमचा काका बुडाला तेव्हां मी अकरा वर्षांची होतें. मी कांठावर होतें. तुम्हांला वाटत असेल, पोहतां पोहतां बुडाला. त्याला पोहतां कोठें येत होतें? आम्हां बहिणींना सर्वांना येत होतें. आई आम्हांला वाड्याच्या विहिरींत नेई, पाठीला भोपळा बांधी, आणि धुणें होईपर्यंत आम्ही पोहत असूं. तो नवसाचा. तीन मुलींवरचा. त्याला सर्दी होईल, त्याला दृष्ट लागेल, म्हणून बाबा त्याला विहिरीवर येऊं देत नसत. त्या दिवशीं तो नदीवर आमच्या मागें लपून आला. पाय घसरला. मी उडी घातली, पण त्यानें माझ्या गळ्याला मिठी मारली. मी सुटलें आणि वर आलें. मला तेव्हां कोणी सांगितलें नव्हतें कीं लुगडें फेकावें. लुगडें खडकावर वाळत होतें."

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "बाबांनीं त्यानंतर सगळ्यांनाच पाणी बंद केलें. माझें बोलायचें वय नव्हतें. पुढें बोलावेंसें वाटलें, तोंवर बाबा गेले होते, आणि घरांत हा विषयच निघेनासा झाला. तुझा बाप पाण्याला भिऊन जन्मभर राहिला. मी गप्प राहिलें, ही माझी चूक."

वाचकहो, सत्तर वर्षें आमच्या घरानें या घटनेचा अर्थ उलटा लाविला होता. मुलगा पाण्याजवळ गेला म्हणून बुडाला असें आम्ही समजत होतों. तो पाण्यापासून दूर ठेविला गेला होता म्हणून बुडाला, हें खरें होतें. आजोबांचें दुःख आम्ही लहान लेखीत नाहीं. पण ज्या उपायानें एक मूल गेलें तोच उपाय त्यांनीं पुढच्या सर्व मुलांस लागू केला, आणि आम्हीं तो वडिलांची आज्ञा म्हणून चालविला. गेल्याच वर्षीं आमचा थोरला पुतण्या मित्रांबरोबर सहलीस गेला असतां एका बंधाऱ्यांत घसरला. एका मित्रानें प्रसंगावधान राखून पंचा फेकला म्हणून तो आज आमच्यांत आहे. ती गोष्ट त्यानें घरीं सांगितली नव्हती. नियम मोडल्याचें भय त्यास बुडण्याच्या भयाहून मोठें वाटलें. ती त्यानें त्या खडकावर, आत्याबाईंचें बोलणें झाल्यावर सांगितली. वहिनींच्या डोळ्यांस पदर लागला तो बराच वेळ निघाला नाहीं.

नंतर मुलीस पाण्यांत उतरविलें. म्हाताऱ्याच्या सुनेनें तिला गुडघाभर पाण्यांत उताणी निजवून पाठीखालीं हात धरिला. मुलगी मान वर काढी आणि कमरेंत वांकून बुडे. आत्याबाई कांठावरून म्हणाल्या, "कान बुडूं देत. हनुवटी आभाळाकडे. पाण्याशीं भांडूं नकोस." तिसऱ्या वेळीं मुलीनें कान बुडूं दिले. बाईनें हात काढून घेतला, आणि पोर पाण्यावर पानासारखी राहिली. किती वेळ? आत्याबाईंनीं मोठ्यानें आंकडे मोजले, सतरा झाले.

यांत जादू नाहीं. छाती श्वासानें भरलेली असतां मनुष्याचें शरीर आपल्याएवढ्या पाण्याहून किंचित् हलकेंच असतें. तें तरंगावयास तयार असतें. अडचण डोक्याची. डोकें चारपांच किलो वजनाचें, आणि तें आपण पाण्याबाहेर उंच धरूं पाहतों. मग तो सारा भार उरलेल्या अंगावर पडून तें खालीं जातें. जुन्या बायका पाठीस सुकलेला भोपळा बांधीत, त्याचें मर्म हेंच. पांच लिटर पाणी बाजूस सारणारा पोकळ भोपळा स्वतःचें वजन वजा जातां सुमारें चार किलो भार उचलतो, म्हणजे डोक्याचाच भार तो घेतो. शिकणारें मूल धीट झालें कीं भोपळा लहान करीत, आणि एके दिवशीं सोडून देत. हें गणित आमच्या पणजीस येत नव्हतें; पण त्याचें उत्तर तिला बरोबर येत होतें.

पोहणें हा रानटी मुलांचा खेळ, अभ्यासू मुलांचें तें काम नव्हे, असें मानणारे गृहस्थ अद्याप आहेत. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष व्यायामांत आणि पोहण्यांत घालवून शरीर कमाविलें, हें त्यांनीं स्मरावें. मुलींस पोहण्याचें काय प्रयोजन, असें विचारणाऱ्यांस आम्ही कलकत्त्याच्या आरती साहा यांचें नांव सांगूं. १९५९ च्या सप्टेंबरांत त्यांनीं इंग्लिश खाडी पोहून ओलांडिली. तसें करणाऱ्या त्या आशियांतील पहिल्या स्त्री होत. परंतु विक्रमांची गोष्ट सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि आपल्या देशांत दरवर्षीं तीस हजारांहून अधिक लोक असे जातात. त्यांत मुलांचा आणि तरुणांचा भरणा मोठा. संयुक्त राष्ट्रांनीं २०२१ पासून २५ जुलै हा दिवस या विषयाकडे लक्ष वेधण्यासाठीं ठरविला आहे. आपल्याकडे तो दिवस भर पावसाळ्यांत येतो, जेव्हां धबधब्यांवर सर्वांत अधिक गर्दी असते.

सुटीपूर्वीं प्रत्येक घरांत मोठ्यानें वाचून दाखवाव्या अशा कांहीं गोष्टी येथें सांगतों. अनोळखी पाण्यांत, तेथल्या माणसास विचारल्यावांचून, उतरूं नये. आणि तो नको म्हणाला तर हुज्जत घालूं नये. जलाशय, कालवे आणि सोडलेल्या खाणी या पोहण्याच्या जागा नव्हत. कालव्याचे घोटीव उतार तर पट्टीच्या पोहणारासहि वर चढूं देत नाहींत. बुडणारा मनुष्य नाटकांतल्याप्रमाणें हांका मारीत नाहीं. त्याचें तोंड पाण्याबाहेर येतें न येतें, त्यास श्वासच पुरत नाहीं, तर ओरडेल कोठून? म्हणून मुलें पाण्यांत असतां एका मोठ्या माणसानें, हातांत दूरध्वनि न घेतां, त्यांच्याकडेच पाहत बसावें. कोणी बुडूं लागला तर पाठोपाठ उडी घेऊं नये. एकास वांचवितां दोघेतिघे गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यांत वाचतों. कांठावर पालथें निजून काठी, दोर, साडी, धोतर, जें हातीं येईल तें त्याच्याकडे फेंकावें, आणि रिकामा डबा असल्यास तोहि टाकावा. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगूं नये, त्याचें पोट दाबून पाणी काढण्याच्या खटाटोपांत वेळ दवडूं नये. त्याचा श्वास बंद असेल तर आधीं तोंडानें श्वास द्यावा, छाती दाबण्याचा उपचार करावा, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा उपचार पुस्तकांतून येत नाहीं; घरांतील दोघांनीं तरी तो डॉक्टराकडून हातानें शिकून घ्यावा. नावेंत बसतांना तरंगणारें जाकीट अंगावर बांधलेलें असावें. तें नसेल तर त्या दिवशीं कांठावरूनच पाणी पाहावें.

आणि या सर्वांहून आधीं, मुलांस पोहावयास शिकवावें. मुलांस तसें मुलींस, आणि घरांतील सुनांसहि. आमचीं मुलें विहिरीच्या वाड्यांतून निघून नळाच्या घरांत आलीं. तांब्याबादलीच्या पलीकडचें पाणी त्यांस वर्षांतून एकदां, तेंहि सहलींत आणि अनोळखी ठिकाणीं भेटतें. अशा मुलास केवळ जाऊं नको असें सांगून भागत नाहीं, कारण एक ना एक दिवस तें जाणारच. तें जाईल तेव्हां त्याच्या अंगीं विद्या असावी, एवढेंच आपल्या हातीं आहे. इटियाडोहाच्या त्या वृद्ध ढीवराच्या घरीं पुस्तक नसेल. परंतु त्याची नऊ वर्षांची नात डोहाच्या तळाची वाळू मुठींत आणूं शकते, आणि आमच्या घरांतील अकरा शिकलेल्या माणसांस त्याच्या एका साध्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

परत आल्यावर आमच्या घरांतील पांच मुलें, सूनबाई आणि आम्ही स्वतः, असे सातजण शहरांतील तरणतलावांत सकाळीं सहा वाजतां जाऊं लागलों आहों. मुलें पुढें गेलीं. धाकटी पुतणी तर आतां एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. पन्नाशीच्या घरांत शिकूं लागलेल्या माणसाचें हंसें व्हावयाचें तें आमचें झालें. आम्ही अद्याप भोपळ्याच्या पायरीवर आहों.

आत्याबाई रोज बरोबर येतात. कांठाच्या बांकावर त्या पंचांची चळत मांडीवर घेऊन बसतात, आणि पाण्यांतलीं डोकीं मोजतात. सात भरलीं कीं पुन्हां पहिल्यापासून.